वीस वर्षं हरणाऱ्या टीमवर जीव लावला, आता सोडू का?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक मूळचे सांगलीचे, वय ४६. २००३ मध्ये शिकायला अमेरिकेत पिट्सबर्गला गेले आणि तिथेच नोकरी, तिथेच संसार झाला. पहिल्या उन्हाळ्यात रूममेटने बेसबॉलच्या गेमला नेलं, तेव्हापासून ते पिट्सबर्ग पायरेट्सचे चाहते आहेत. बारा वर्षं झाली, दरवर्षी २० गेमचं सीझन तिकीट घेतात. टीम मात्र हरतच राहते. २०२५ चा सीझनही ७१ विजय आणि ९१ पराभवांवर संपला. हरल्यावर ते तासन्‌तास गप्प होतात. पत्नी म्हणते, "हरतात ते, आणि जेवण आमचं कडू होतं." बारा वर्षांच्या मुलाने नोव्हेंबरमध्ये त्या वर्षीच्या विजेत्या लॉस एंजलिस डॉजर्सची कॅप मागितली आणि त्यावरून घरात मोठं भांडण झालं. आता नवं सीझन तिकीट घ्यायची मुदत जवळ आली आहे. त्यांचे तीन प्रश्न: "ही वीस-बावीस वर्षं मी वाया घालवली का? टीम सोडली तर ती गद्दारी होईल का? आणि मुलाला काय सांगू?"

नमस्कार,

तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय की "मी जरा जास्तच मनाला लावून घेतो." मला तसं वाटत नाही. बेसबॉल न पाहणाऱ्या वाचकांनाही तुमच्या जागी बसता यावं म्हणून थोडा इतिहास सांगते.

पायरेट्स ही १८८७ पासून नॅशनल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च मेजर लीग बेसबॉलच्या दोन भागांपैकी एकात, खेळणारी टीम. पाच वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, जिंकलेली, शेवटची १९७९ साली. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यावर होती. अटलांटामध्ये सातवा, निर्णायक गेम होता आणि शेवटच्या, नवव्या इनिंगला सुरुवात झाली तेव्हा पायरेट्स २-० ने पुढे होते. तिथून सगळं निसटलं. शेवटच्या फटक्यावर दुसऱ्या बेसवरून जिवाच्या आकांताने धावत सुटला तो अटलांटाचा सिड ब्रीम, पूर्वी पायरेट्सकडूनच खेळलेला, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला. पायरेट्सच्या बॅरी बॉन्ड्सचा थ्रो पोचायच्या किंचित आधी तो घसरत होम प्लेटला पोचला आणि विजयाची धाव झाली. ३-२. त्या हिवाळ्यात बॉन्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस सीझन पायरेट्स जिंकले त्यापेक्षा जास्त हरले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब रांग दुसऱ्या कुठल्याही टीमची नाही. १९९३ ते २०२५ असे ३३ सीझन मोजले तर फक्त चार वेळा, २०१३, २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये, विजयांचा आकडा पराभवांपेक्षा मोठा होता.

म्हणजे तुम्ही थकलात यात नवल काहीच नाही. त्यात शहर असं, की अमेरिकन फुटबॉलच्या स्टीलर्सनी सहा सुपर बोल आणि आइस हॉकीच्या पेंग्विन्सनी पाच स्टॅन्ली कप आणलेत. एकाच गल्लीत दोन घरी दिवाळी आणि तिसऱ्या घरी अंधार, तसं हे आहे.

पण तुमचा "वाया" हा शब्द मला खटकला. तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुम्हाला परत वाचून दाखवते.

तुम्ही लिहिता की शेजारच्या सीटवर एक आजोबा बसायचे, कानात रेडिओचा इयरफोन, मांडीवर स्कोअरकार्ड. त्यांनी तुम्हाला ते लिहायला शिकवलं. फलंदाज बॅट फिरवून चुकला आणि बाद झाला की इंग्रजी 'के' लिहायचा. बॅट न हलवता नुसता बघत उभा राहून बाद झाला की तोच 'के' उलटा. चेंडू शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसला आणि तिथून फर्स्ट बेसला जाऊन दोघं बाद झाले की त्या तीन जागांचे क्रमांक, ६-४-३. ही लिपी तुम्ही त्यांच्याकडून उचललीत आणि मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर त्याला शिकवलीत. त्याचा उलटा 'के' पुन्हा पुन्हा सुलटाच यायचा, म्हणून त्याने खोडरबराने घासून घासून कागदाला भोक पाडलं. तो भोकाचा कागद अजून तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. आजोबा २०२२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांची पेन्सिल तुम्हाला आणून दिली.

हे सगळं तुम्ही दीड पानभर लिहिलंय. त्या भोक पडलेल्या कागदाच्या दिवशी कोण जिंकलं, हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. आठवतंय का तुम्हाला?

दुसरी एक समजूत तुमच्या पत्रात न बोलता बसलेली आहे: टीम जिंकायला लागली की सगळं ठीक होईल. याचं उत्तरही तुमच्याकडेच आहे, कारण तुम्ही जिंकणंही बघितलंय. १ ऑक्टोबर २०१३ ची रात्र, एकवीस वर्षांनी प्लेऑफचा गेम, पायरेट्सच्या पीएनसी पार्क स्टेडियममध्ये चाळीस हजारांहून जास्त माणसं, बहुतेक सगळी काळ्या कपड्यांत. समोरच्या सिनसिनाटीच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावाचा "क्वेऽऽटो, क्वेऽऽटो" असा लांबवलेला गजर, त्याच्या हातातून चेंडू निसटून मातीत पडला आणि पुढच्याच पिचवर रसेल मार्टिनचा होमरन. पत्नीला आठवा महिना होता, ती घरी टीव्हीसमोर होती आणि तुम्ही स्टेडियममधून फोन करून रडत होतात. ती रात्र कुणीही तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही. पण त्याच पत्रात तुम्ही म्हणता की सगळ्यात जास्त दुखलं ते २०१५ मध्ये. त्या वर्षी पायरेट्सनी ९८ गेम जिंकले, सगळ्या मेजर लीगमध्ये त्यांच्यापेक्षा जास्त विजय एकाच टीमचे होते, आणि ती टीम नेमकी त्यांच्याच गटातली. म्हणून ९८ विजयांनंतरही एका रात्रीचा, हरला तो बाहेर असा वाइल्ड कार्ड गेम वाट्याला आला, शिकागोविरुद्ध ४-० ने हरले आणि संपलं. जिंकायला लागल्यावर दुखणं थांबलं नाही. तेव्हा "हे जिंकले की मी घरात नीट वागेन" हा वायदा तुम्ही स्वतःशी करू नका.

आता ज्या ओळीपाशी मी थांबले, तिच्याकडे येते. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही जाता जाता लिहिलंय: "२०२१ मध्ये १०१ हरले, तरी त्या वर्षी मी एकही गेम सोडला नाही. मे महिन्यात सांगलीला वडील गेले, जाता आलं नाही." आणि लगेच पुढे तिकिटांचा हिशेब सुरू होतो.

२०२१ चा मे. आपल्याकडे दुसरी लाट. तुम्ही व्हिसावर, कॉन्सुलेट बंद, एकदा देश सोडला तर परतीचा शिक्का कधी मिळेल याची कुणी खात्री देईना. पत्नी आणि मुलगा तिकडे, आई इकडे. व्हिडिओ कॉलवर तुम्ही अग्नी बघितलात. आणि मग एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चाललेल्या त्या सीझनचे, अतिशय वाईट सीझनचे, सगळे गेम तुम्ही बघितलेत.

त्याआधीच्या परिच्छेदात वडिलांचा एक उल्लेख आहे. त्यांना बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं. पण पायरेट्स म्हणजे समुद्रावरचे चाचे एवढं त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं होतं, आणि दर रविवारच्या फोनवर तब्येत, पाऊस, पाणी झालं की ते विचारायचे, "काय रे, तुझे चाचे जिंकले का?" तुम्ही म्हणायचात, "नाही हो, हरले." ते म्हणायचे, "हरू देत. पुढच्या रविवारी बघू."

मला वाटतं, त्या उन्हाळ्यात तुम्ही गेम बघत नव्हतात, रविवारच्या फोनची तयारी करत होतात. फोन येणार नव्हता, तरी. हे मी लांबून, एका पत्रावरून म्हणतेय. चुकत असेन तर सोडून द्या. पण जी टीम १०१ वेळा हरली तिने ती सगळी संध्याकाळ-संध्याकाळ तुमच्या शेजारी बसून काढली, एवढं तरी खरं आहे. टीम सोडायचा विचार आला की तुमच्या पोटात जे तुटतं, ते फक्त बेसबॉलचं नसावं.

तुमचे मंडळातले मित्र चिडवतात, "तुझा काय संबंध त्या टीमशी?" संबंध काय असतो? सांगलीहून आलेला मुलगा एक दिवस पिवळ्या क्लेमेंटे पुलावरून गर्दीत चालत नदी ओलांडतो, आणि काही वर्षांनी "काल ते हरले" असं म्हणायच्या ऐवजी "काल आपण हरलो" म्हणायला लागतो. त्या "आपण"साठी नागरिकत्वाचा कागद लागत नाही. योगायोगाने हीच ती टीम, जिने २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. अमेरिकन मेजर लीगच्या टीमने करार केलेले ते पहिले भारतीय. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणी पोचलं नाही, पण वर्ष-दीड वर्ष आधीपर्यंत हातात कधी बेसबॉल न धरलेल्या पोरांना दार उघडलं ते याच टीमने. मित्रांना हेही सांगा.

आता गद्दारीबद्दल. हा शब्द तुम्ही फार जपून वापरायला हवा होता. शपथ कुणी घेतली होती? कुणाला दिली होती?

माझे वडील महाराष्ट्राच्या रणजी टीमचे चाहते होते. त्यांचा जन्म १९४३ चा. महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधर कप्तान असताना, आणि त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही. म्हणजे वडिलांच्या सबंध आयुष्यात एकही नाही. शेजारच्या मुंबईने मात्र बेचाळीस वेळा. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्र अंतिम फेरीत पंजाबकडून हरला, तेव्हा वडिलांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "झालं माझं." पुढचा सबंध हिवाळा ते पुण्याच्या नेहरू स्टेडियमकडे फिरकले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी आईकडून पोळीभाजीचा डबा मागून घेतला आणि गेले. पायऱ्यांवरच्या त्यांच्या नेहमीच्या मंडळींनी सरकून जागा दिली. वर्षभर कुठे होतास, असं कुणीही विचारलं नाही. २०१४ साली केदार जाधव आणि विजय झोल यांनी वानखेडेवर मुंबईला घरात घुसून हरवलं, तेव्हा सत्तरी ओलांडलेले वडील दिवसभर ज्याला त्याला फोन करत होते. अंतिम फेरीत कर्नाटककडून हरलो. ते म्हणाले, "पण वानखेडे!"

सुट्टी घेणं आणि सोडून जाणं यात फरक आहे. तुम्हाला आत्ता कशाची गरज आहे हे ओळखायला मी एक साधी खूण सांगते. निकाल माहीत नसताना, पहिल्या तीन इनिंग बघताना, तुम्हाला अजून मजा येते का? पिचर पुढचा चेंडू कुठे टाकेल याचा अंदाज बांधावासा वाटतो का? वाटत असेल तर खेळावरचं प्रेम शाबूत आहे, फक्त शेवटची पाटी बघून तुम्ही आजारी पडताय. आणि पहिल्या चेंडूपासूनच जर छातीवर दगड ठेवल्यासारखं होत असेल, तर एक सीझन पूर्ण सुट्टी घ्या. आयपीएलची एखादी टीम असो, फुटबॉल क्लब असो, कुठल्याही हरणाऱ्या टीमच्या चाहत्याने वर्षातून एकदा स्वतःला हे विचारावं.

पैशाचं मात्र वेगळं बोलायला हवं, कारण तुम्ही दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली आहे. टीमवर जीव असणं आणि मालकाच्या कारभारावर विश्वास असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीव तुम्ही लावलात तो त्या मैदानावर, पुलावर, शेजारच्या आजोबांवर. सीझन तिकीट हे विश्वासाचं काम आहे. बारा वर्षं तुम्ही आगाऊ पैसे भरून सांगितलंत की तुमच्यावर माझा विश्वास आहे. तो विश्वास उरला नसेल तर तिकीट घेऊ नका. यात भावनिक होण्यासारखं काही नाही.

"छोटं शहर, पैसे कमी, म्हणून नशीबच असं" ही समजूत तुमच्या पत्रात आहे, तीही जरा तपासून बघा. मेजर लीगमध्ये खेळाडूंच्या एकूण पगारावर सक्तीची मर्यादा नाही, त्यामुळे लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्कच्या टीम कितीतरी जास्त खर्च करतात, हे खरं. खेळाडू सहा सीझननंतर मोकळा होतो आणि त्याआधीच लहान टीम त्याला विकून टाकतात, हेही खरं. जानेवारी २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅककचन टीममधून गेले, तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हतात. पण २०२५ च्या नियमित सीझनमध्ये सगळ्यात जास्त गेम कुणी जिंकले? मिलवॉकीने, ९७. ते शहर काही मोठं नाही. २०१५ ची वर्ल्ड सिरीज कॅन्सस सिटीने जिंकली. लहान शहराला हे कठीण असतं, पण अशक्य नसतं, आणि म्हणूनच जाब विचारायला जागा आहे. २००१ मध्ये उघडलेलं ते सुंदर स्टेडियम बहुतांशी जनतेच्या पैशातून उभं राहिलंय. "टीम विका" म्हणून गेल्या काही वर्षांत स्टँडमधून घोषणा होतात, त्यात तुम्हाला सामील व्हावंसं वाटलं तर खुशाल व्हा. घसा मोकळा होतो. फक्त ती चीड मैदानातच सोडून घरी या.

माझा सल्ला असा: या वर्षी सीझन तिकीट घेऊ नका. तिकीट ऑफिसला एक पानाचं साधं पत्र लिहा, बारा वर्षांचा ग्राहक आहे आणि का थांबतोय, एवढंच. ज्या पैशांची बचत होईल त्यातून मोजके पाच-सहा गेम निवडा. टीम जिंकेल अशा आशेने निवडू नका, पिचर बघून निवडा. पॉल स्कीन्स तुमच्या गावात पिचिंग करतोय. २०२५ मध्ये दर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी दोनपेक्षाही कमी धावा दिल्या, १.९७, आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला. त्याच्या नावावर विजय १० आणि पराभवही १०. म्हणजे टीमने त्याच्यासाठी धावा केल्या नाहीत. पण टीम हरते म्हणून त्याचा चेंडू हळू येत नाही. पिढीत एखादा असा निघतो, तो तुमच्या घरापासून काही मैलांवर आहे, आणि तुम्ही धावफलकाकडे बघून चिडताय याचं मला खरंच वाईट वाटतं. एखाद्या शनिवारी दोन तास गाडी चालवून अल्टूनालाही जा. तिथे पायरेट्सची खालच्या पातळीची टीम खेळते, उद्याची पोरं असतात, तिकीट स्वस्त, आणि निकालाचं ओझं कुणाच्याच डोक्यावर नसतं.

आता घर. तुम्ही लिहिता, "मी कुणावर ओरडत नाही, फक्त गप्प होतो." गप्प बसणं ओरडण्यापेक्षा कमी ऐकू जातं असं समजू नका. बारा वर्षांच्या मुलाला जिन्यातल्या पावलांवरून कळतं की बाबांची टीम आज हरली. सीझन १६२ गेमचा. चांगल्यात चांगली टीमसुद्धा साठेक वेळा हरते. म्हणजे डॉजर्सचा चाहता जरी तुमच्यासारखा वागला, तरी त्याच्या घरातल्या साठ रात्री खराब होतील. दोष पराभवांच्या आकड्याचा नाही.

गेम सहा-चाळीसला सुरू होतो आणि तुमची जेवणाची वेळ सातची. जेवण होईपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, टीव्ही बंद. उरलेला गेम रेडिओवर ऐका, हात रिकामे ठेवू नका. हरल्याच्या रात्री भांडी तुमची. हे मी शिक्षा म्हणून सांगत नाही; वीस मिनिटं गरम पाण्यात हात घातले की माणूस बोलायला लागतो, हे मी अनेक घरांत बघितलंय. पत्नीशी एकदा निवांत बसून बोला. "जेवण कडू होतं" हे वाक्य तिने किती वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं, ते विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका.

आणि एक प्रामाणिकपणे तपासा. हिवाळ्यात काही महिने गेम नसतात. त्या महिन्यांत तुम्ही मोकळे असता का? की तोच गप्पपणा तेव्हाही असतो, फक्त त्याला द्यायला नाव नसतं? तेव्हाही तसंच असेल, तर हा प्रश्न बेसबॉलचा नाही, आणि एखाद्या समुपदेशकाशी बोलायला अजिबात संकोच करू नका. वडिलांना शेवटचं न भेटता आलेली कितीतरी माणसं त्या वर्षानंतर अशीच आतल्या आत राहिली आहेत. मला येणाऱ्या पत्रांत ती दर महिन्याला भेटतात.

राहिला मुलगा. तुम्ही त्याला "जिंकणाऱ्यांच्या मागे पळणारा" म्हणालात, आणि तो खोलीत जाऊन बसला. त्याच्या बाजूने बघा. तो पाच वर्षांचा झाल्यापासून, २०१९ ते २०२५, सलग सात सीझन ही टीम हरतेय. त्याला २०१३ ची रात्र आठवायचं कारण नाही, तो पोटात होता. त्याने डॉजर्सच्या ओहतानीला बघितलं, जो चेंडू टाकतोही आणि मैदानाबाहेर मारतोही. नोव्हेंबरमध्ये डॉजर्सचा वर्ल्ड सिरीजमधला टोरंटोविरुद्धचा सातवा गेम अकराव्या इनिंगपर्यंत गेला, तो त्याने जागून बघितला आणि त्याचा जीव तिथे जडला. खेळावर प्रेम बसायची याहून सरळ वाट कोणती असते? त्याला पायरेट्सचा चाहता करायचा हुकूम काढू नका. तुम्ही तरी कुणाच्या हुकमाने झालात?

तुमच्या वडिलांनी तुम्हाला कधी विचारलं नाही की क्रिकेट सोडून हे काय खूळ घेतलंस. चाचे म्हणजे कोण हे विचारून घेतलं आणि दर रविवारी चौकशी केली. तुम्हीही तेवढंच करा. कॅप आणून द्या. तिची किंमत, तिचा रंग, ओहतानी, सगळं त्यालाच समजावून सांगू द्या. डॉजर्स पीएनसी पार्कला येतील तेव्हा दोन तिकिटं काढा, तो निळ्या कॅपमध्ये, तुम्ही काळ्या-पिवळ्या. आणि स्कोअरकार्ड त्याच्याकडे द्या. शेजारच्या सीटवरच्या त्या आजोबांची पेन्सिलही.

एक शेवटचं सुचवते, ते ऑक्टोबरचं आहे. तुमच्या पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात, विद्यापीठाच्या आवारात, पायरेट्सच्या जुन्या मैदानाची, फोर्ब्स फील्डची, विटांची भिंत अजून उभी आहे, तुम्हाला माहीत असेलच. दर १३ ऑक्टोबरला दुपारी तिथे माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन जमतात आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या गेमचं रेडिओ समालोचन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. सुरुवातीला एक चाहता एकटाच टेप रेकॉर्डर घेऊन बसला होता, मग गर्दी वाढत गेली. त्या सिरीजमध्ये यांकीजनी एकूण ५५ धावा केल्या होत्या आणि पायरेट्सनी २७, तरीही सिरीज पिट्सबर्गने जिंकली. तीन वाजून छत्तीस मिनिटांनी बिल मॅझरोस्कीचा चेंडू भिंतीपलीकडे गेला, १०-९. सगळ्यांना शेवट पाठ आहे, तरी नवव्या इनिंगला तिथे कुणी बोलत नाही.

तुम्ही एवढी वर्षं तिथे राहून एकदाही गेला नाहीत असं लिहिलंय, कारण तो बहुतेक वेळा कामाचा दिवस असतो. या वर्षी अर्धी रजा टाका. मुलाला शाळेतून लवकर आणा, डॉजर्सची कॅप घालून आला तरी चालेल. एक वाजायच्या आत पोचा, सावलीची जागा पटकन भरते. आणि डबा न्या, गेम अडीच तासांचा आहे.